पोत्याचे टाके

मी, मुक्ताबाई जयसिंग रासकर, वय ५२ वर्षे, धंदा शेती, राहणार रासकर मळा, यवत, तालुका दौंड, जिल्हा पुणे. आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

मी वरील ठिकाणी मुलगा इंद्रजीत, वय २५, याच्यासोबत राहते. पती वारले आहेत. आमची झेंडूची शेती आहे. मी शाळेत गेलेली नाही, वाचायला लग्नानंतर आपली आपण शिकले. इंद्रजीत रांजणगावला कंपनीत कंत्राटावर होता. दिवाळीपासून काम सुटले आहे. तेव्हापासून तो घरी कमी असतो. विचारले की शिरूरला मित्राकडे जातो, एवढेच सांगतो.

आज सकाळी मी व मजूर कस्तुराबाई यांनी फुले तोडून पोते भरले. कस्तुराबाई लगेच दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेल्या. पोत्याचे तोंड दाभणाने शिवायचे काम पती करायचे, त्यांच्यामागे मी करते. आज इंद्रजीत म्हणाला, "आई, तू बस. तोंड मी शिवतो." वडील गेल्यापासून त्याने दाभण हातात घेतले नव्हते. मी ते त्याला दिले आणि चहा ठेवायला आत गेले. परत आले तेव्हा शिवून झाले होते. टाके लांब लांब पडले होते. उकलून पुन्हा घालावेत असे मनात आले, पण त्याला वाईट वाटेल म्हणून हात लावला नाही. तो पोते मोटारसायकलला बांधून पुण्याच्या बाजारला निघाला.

थोड्या वेळाने शेजारची पिंकी सांगत आली की, हायवेवर नाकाबंदीत पोलिसांनी इंद्रजीतला थांबवले, पोते उघडले आणि फुलांत गांजाची पुडकी सापडली. मला एसटीची वाट बघवेना म्हणून चालत ठाण्याकडे निघाले. गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही.

माझे दीर सोपानराव आधीच येऊन बसले होते. त्यांच्याकडून कळले की, पोते कस्तुराबाईंनी भरले व शिवले, मला काही माहीत नाही, असे इंद्रजीतने सांगितले आहे. सोपानराव मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही फकस्त व्हय म्हणा. तिच्या मागं यायला कोण हाय?"

मी म्हणाले, "म्हणूनच न्हाई म्हणायचं, भाऊजी."

ते म्हणाले, "लई वाचून वाचून असं झालंय तुमचं." मग ते निघून गेले.

पोलिसांनी मला पोते दाखवले. तोंड मधे कापलेले आहे, कडेचे टाके शिल्लक आहेत. ते इंद्रजीतचे आहेत. कस्तुराबाईंनी पोत्याला टाका घातलेला नाही. दाबलेली फुले काळी पडतात म्हणून शिवण्याआधी मी तळापर्यंत हात घालून ती सैल केली होती. तेव्हा आत फुलांशिवाय काही नव्हते. पुडकी त्याला कोणी दिली ते मला माहीत नाही. एका जागी बसवत नसल्यामुळे हे सर्व मी उभ्याने सांगितले आहे.

हवालदार जबाब वाचून दाखवणार होते. मला वाचता येते, असे मी सांगितले. चष्मा घरी राहिल्यामुळे कागद लांब धरून, अक्षर लावत, मोठ्याने वाचला. शेजारच्या खोलीतून एकदा "आई" अशी हाक आली. हेही लिहून घ्यावे, असे मी म्हणाले. त्यानंतर शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. बरोबर आहे.