उजवीकडे वळताना दाखवलेला हात

जबाब, दिनांक ९ नोव्हेंबर २००२, दुपारी ४ वाजून २० मिनिटे.

मी श्रीमती श्यामला बाळाजी गायधनी, वय ५८ वर्षे, धंदा सेवानिवृत्त टेलिफोन ऑपरेटर, राहणार पंडित कॉलनी, नाशिक. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील पत्त्यावर मी १९८१ पासून राहते. माझे पती बाळाजी जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होते. पाझर तलावांची कामे त्यांच्याकडे असत. दिनांक ११ फेब्रुवारी २००१ रोजी ते हृदयविकाराने वारले. मुलगा आल्हाद पुण्यास नोकरीला आहे. घरी मी एकटी असते. वेळा मी मिनिटांसह सांगत आहे. चौतीस वर्षे ट्रंक कॉलच्या वेळा लिहिल्या, आता त्याशिवाय काही सांगता येत नाही.

अपघातातील येझदी मोटारसायकल पतींची आहे. १९८१ साली नवीन घेतली. तिला किक आणि गिअर यांची दांडी एकच. त्यामुळे ती दुसऱ्या कोणाला चालवता येत नसे आणि पतींना त्याचा फार अभिमान होता. शनिवारी अर्धा दिवस असे. शनिवारी दुपारी ते हरसूलकडची कामे बघायला जात आणि माझी ड्यूटी नसेल तर मलाही नेत. मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसत असे. वीस वर्षे तो रस्ता मी असाच पाहिला. रस्त्याची डावी बाजू मला पाठ आहे. समोर त्यांची पाठ असे.

सन १९८४ मध्ये गंगाघाटावर गाईची धडक बसून गाडीचा उजव्या बाजूचा इंडिकेटर तुटला. नवीन बसवा, असे मी बरेचदा म्हटले. "तू आहेस ना मागे," असे ते म्हणाले. त्यांचा उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर असे, म्हणून उजवीकडे वळायचे झाले की ते मान न वळवता "हात" एवढेच म्हणत आणि मी उजवा हात बाहेर काढून दाखवत असे. पुढे आम्ही भांडलेलो असलो तरी तो हात मी दाखवत असे. भांडणाच्या दिवशी आमच्यात तेवढा एकच शब्द व्हायचा.

हवालदारसाहेब म्हणतात की एवढे जबाबात लागत नाही. लागते. पुढे कळेल.

या वर्षी मे महिन्यात मी निवृत्त झाले. गाडी जिन्याखाली झाकून ठेवलेली होती. आल्हाद म्हणाला, "आई, विकून टाक. गंज खाऊन जाईल." मी गाडी सावळीराम मेकॅनिककडे ढकलत नेली. तिचे काम पूर्वीपासून तेच करतात. गाडी विकायची नाही, शिकायची आहे, असे सांगितल्यावर ते हसले नाहीत. त्यांनी आधी चहा मागवला. मग गोल्फ क्लबच्या मैदानावर रविवारी सकाळी मला शिकवू लागले. मैदानावर फिरायला येणारे निवृत्त लोक उभे राहून बघत. "काकू, क्लच असा सोडू नका, जीव हाय तिला," असे सावळीराम ओरडत. मी अकरा वेळा पडले. आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस शिवला. पतींचे हेल्मेट मोठे होते म्हणून आत टॉवेलची घडी घातली. लर्निंग लायसन्स १६ सप्टेंबर रोजी मिळाले, ते सोबत हजर केले आहे. सावळीराम यांनी दोन्ही बाजूंना नवीन इंडिकेटर बसवून दिले, ते चालू होते.

गिरणारेच्या पुढे साधारण सहा किलोमीटरवर उजव्या हाताला कच्चा रस्ता जातो. आत पतींनी बांधून घेतलेला पाझर तलाव आहे. दर वर्षी दिवाळीनंतर आम्ही त्याच्या बांधावर बसून दशम्या खात असू. पाणी किती राहिले ते बघून ते खुश किंवा नाखुश होत. गेल्या दिवाळीनंतर तिकडे कोणी गेले नाही. मला पाणी बघायचे होते.

आज रोजी आम्ही सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी घरून निघालो. गाडीचा वेग तीसच्या आत होता. गंगापूर रोडने जाताना रस्त्याची समोरची बाजू मी प्रथमच नीट पाहिली. इतकी वर्षे इतका सरळ रस्ता आपल्या पुढ्यात होता हे मला माहीत नव्हते. फार बरे वाटले. हेही लिहावे.

८ वाजून १२ मिनिटांनी कच्चा रस्ता आला. मी वेग कमी केला, उजवा इंडिकेटर लावला. समोरून एक टेम्पो येत होता, तो दूर होता. मी वळण घ्यायला सुरुवात केली आणि त्याच वेळी उजवा हात हँडलवरून काढून बाहेर दाखवला. अ‍ॅक्सिलरेटर सुटला, गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली आणि मला घेऊन उजव्या अंगावर पडली. टेम्पोचालकाने टेम्पो त्याच्या डावीकडे भाताच्या कापलेल्या शेतात घातला. टेम्पो कलंडला, टोमॅटोचे क्रेट शेतात सांडले. टेम्पोचा मला किंवा गाडीला स्पर्शही झालेला नाही.

टेम्पोचालक नावे मल्हारी, राहणार हरसूल, हे बाहेर बाकावर बसवलेले आहेत. त्यांनीच मला उचलले आणि मागून आलेल्या जीपमधून गिरणारेला डॉक्टरकडे नेले. त्यांच्या कपाळातून रक्त येत होते, ते त्यांनी माझे मनगट बांधून होईपर्यंत कोणाला दाखवले नाही. मला म्हणाले, "आजी, ऊन डोळ्यावर व्हतं. तुमचा दिवा काय मला दिसला नाय. हात दिसला, म्हून गाडी खाली घातली. नाय तं सरळ आलो असतो." 

आल्हाद पुण्याहून आला असून त्याने टेम्पो भरधाव होता असा अर्ज लिहून आणला आहे. "आई, तू फक्त सही कर," असे तो म्हणाला. त्याला माझी काळजी आहे, हे मला कळते. तो बाहेर रडलासुद्धा. तरी त्या अर्जावर मी सही करणार नाही. मल्हारी यांची चूक नाही. त्यांची कोणाविरुद्ध तक्रार असेल तर ती माझ्याविरुद्ध घ्यावी. माझे लायसन्स जाणार असेल तर जावे. मला त्याचे वाईट वाटेल, फार वाटेल, पण जावे.

इंडिकेटर चालू असताना हात का दाखवला, असे विचारल्यावरून सांगते की, "हात" असे मला ऐकू आले.

वर "आम्ही सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी निघालो" असे लिहिले गेले आहे. लर्निंग लायसन्सवर मागे कोणाला बसवता येत नाही, तर दुसरे कोण होते, असे हवालदारसाहेबांनी विचारले. कोणी नव्हते. "आम्ही" खोडून "मी" करावे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने खाडाखोडीशेजारी आणि खाली डाव्या हाताने सही करत आहे.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. एक शब्द सोडला तर मी सांगितला तसाच आहे.