बटण सोडल्यावर

सुपरवायझर : मावशी, ऐका माझं. आत मिस्त्री जातील. तुम्ही इथं बाहेर बसून नुसतं सांगा, कुठला वॉकीटॉकी घ्यायचा ते.

मावशी : मिस्त्री काय सांगणार, बाई? त्यांचा जन्म गेला कंप्रेसरशेजारी उबेत. चार नंबरच्या शीतखोलीत अकरा वर्षं मटारची खोकी मी रचली, आणि घसरून पडले तीही मीच.

मिस्त्री : त्यांचं खरं आहे. मी आत गेलो की माझा अर्धा जीव दारातच राहतो.

सुपरवायझर : पण मावशी, बोटांच्या जखमा अजून...

मावशी : भरल्या. गारठ्यानं दोन गेली ती गेली, उरलेली आठ घेऊन आलेय. दाखवा, काय आणलंय.

सुपरवायझर : हा छोटा सेट. खिशात मावतो. मालकांना हाच पसंत आहे. दुकानदारानं म्हणे समोरच्या टेकडीवर माणूस उभा करून बोलून दाखवलं, आवाज अगदी खणखणीत. आणि हा दुसरा. विटेएवढा आहे, पण वर नारिंगी बटण आहे. ते दाबलं की बाकीच्या सगळ्या सेटवर भोंगा वाजतो. मालक म्हणाले, असलं धूड कमरेला बांधून बायका कामं कशी करणार? संध्याकाळपर्यंत दोन्हींतलं एक नाव मी लिहून द्यायचंय.

मिस्त्री : टेकडीवर कुणाचा पाय घसरणार आहे? इथल्या भिंतीत आधी पत्रा, मग वीतभर फोम, मग परत पत्रा. त्यातून आवाज बाहेर आला तर खरं. मोबाइल तर दारातच मान टाकतात.

मावशी : आधी मालकांच्या लाडक्याला बघू. तिसऱ्या रांगेच्या टोकाला जाते, पडले होते तिथंच. पाच मिनिटं. मध्ये दार उघडायचं नाही, नाहीतर परीक्षा कसली?

सुपरवायझर : टोपी घातलीत? दोन्ही हातमोजे?

मावशी : घातलं सगळं. लावा दार.

(जाड दार बंद होतं. बाहेर सुपरवायझर आणि मिस्त्री. सुपरवायझरच्या हातात जोडीचा छोटा सेट.)

सुपरवायझर : मावशी, ऐकू येतंय का? बोला. ...मिस्त्री, नुसती खरखर येतेय.

मिस्त्री : पोहोचू तर द्या. फरशीवर बर्फ आहे, जपून पावलं टाकत असतील.

सुपरवायझर : मावशी, काहीतरी बोला. ...किती झाली?

मिस्त्री : दोन मिनिटं.

सुपरवायझर : मी दार उघडते.

मिस्त्री : त्यांनी पाच सांगितलीत. बाई, कडी सोडा.

सुपरवायझर : त्या दिवशीही अशीच हाक मारत बसले असते तर बरं झालं असतं. त्या दिवशी मी हाकच मारली नाही, मिस्त्री.

मिस्त्री : म्हणजे? अपघाताच्या अहवालात तर लिहिलंय, मावशी कुणाला न सांगता आत गेल्या, आणि तुम्ही फोन लावलात पण लागला नाही.

सुपरवायझर : त्यांनी सांगितलं होतं. दारातून म्हणाल्या, एक खोकं फुटलंय, बदलून येते. मी मान हलवली. तेवढ्यात ट्रक लागला, ड्रायव्हरनं घाई लावली. जेवणाच्या सुट्टीत हजेरीची वही घेतली आणि सगळ्यांच्या नावापुढं 'बाहेर' अशी खूण केली. डोकी मोजली नाहीत. दार मीच लावून घेतलं. पाय मोडून चाळीस मिनिटं त्या आत पडल्या होत्या, आणि मी जेवत होते. पंख्यावरचा बर्फ काढायला तुम्ही गेला नसतात तर...

मिस्त्री : मग अहवालात असं कसं आलं?

सुपरवायझर : मालकांनी विचारलं, चूक कुणाची. माझ्या तोंडून निघून गेलं. मग ते कागदावर उतरलं, आणि मावशींनी दवाखान्यातल्या खाटेवर त्याखाली डाव्या हाताचा अंगठा दिला. मी शेजारीच उभी होते.

मिस्त्री : बाई...

सुपरवायझर : बोला. काय बोलायचं ते बोला.

मिस्त्री : बटण सोडा.

सुपरवायझर : काय?

मिस्त्री : सेटचं बटण. मघापासून आवळून धरलंय तुम्ही. ते दाबलेलं असलं की पलीकडचं काही ऐकू येत नाही. आणि तुमचं सगळं पलीकडे जातं.

मावशी : ...येतंय का? बाई?

सुपरवायझर : येतंय, मावशी. येतंय.

मावशी : मोजा घालून हे बटण बोटाला लागतच नाही, एवढंसं आहे. शेवटी मोजा काढला तेव्हा कुठं दाबलं गेलं. तुमचा आवाज मात्र पहिल्यापासून...

सुपरवायझर : मोजा घाला आधी. मावशी? मावशी?

मिस्त्री : गेला. गारठ्यानं बॅटरी बसली. उघडा आता.

सुपरवायझर : या, मावशी, हात धरा माझा. मिस्त्री, तो टॉवेल द्या. मावशी, तुम्ही ऐकलंत का...

मावशी : दुसरा सेट द्या.

सुपरवायझर : आधी जरा बसा तरी.

मावशी : बसले की परत आत जायचं धैर्य होणार नाही. द्या. आणि दार लावा.

(दार परत बंद होतं.)

सुपरवायझर : मिस्त्री, त्यांनी ऐकलं असेल का?

मिस्त्री : या खेपेला बटणावरून बोट बाजूला ठेवा.

सुपरवायझर : ठेवलंय.

मावशी : तिसरी रांग. बोलायचं बटण मोजा घालून तळव्यानं दाबलं जातंय. आता दोन्ही हात काखेत घालते आणि नारिंगी कोपरानं दाबते. ऐका.

मिस्त्री : बाप रे. कंप्रेसरच्या खोलीतला सेटसुद्धा कोकलतोय.

सुपरवायझर : लख्ख ऐकू आलं, मावशी. झालं काम. या बाहेर.

मावशी : येते. त्याआधी एक विचारते. समोर आले की माझ्यानं विचारवणार नाही. मी खरंच सांगितलं होतं ना, खोकं बदलून येते म्हणून?

सुपरवायझर : हो.

मावशी : आणि तुम्ही मान हलवली.

सुपरवायझर : हो. हलवली.

मावशी : चार महिने मला वाटतंय, सांगितलंच नसेल. लेक म्हणाली, आई, गारठ्यानं भास झाला असेल तुला. मीही तेच धरून चालले. आज सांगितलेलं उद्या आठवतं का, म्हणून रोज सकाळी लेकीला आदल्या दिवशीचं सगळं म्हणून दाखवते. वाटायचं, बोटांबरोबर डोकंही गेलं.

सुपरवायझर : तुमचं डोकं ठिकाणावर आहे, मावशी. मी आत्ताच वर जाते. मालकांना सगळं सांगते, अहवाल नव्यानं लिहिते. त्यांनी घरी बसवलं तर बसेन.

मिस्त्री : आणि सेट?

सुपरवायझर : हा मोठा. आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला. त्याशिवाय मी सही करणार नाही. मावशी, दार उघडतेय. सावकाश या.

मावशी : आले. सोडा हात, येतं मला चालता.

सुपरवायझर : मावशी, कामावर परत याल ना?

मावशी : ते आज विचारू नकोस, पोरी. तू वर जाऊन ये. मी इथं दाराशी बसते.