रायफल परत नेताना

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या आमच्या गावी, बंदुकांच्या दुकानात मी मासेमारीच्या परवान्यासाठी रांगेत उभी होते. माझ्यापुढचे म्हातारबा जानेवारीत दुकानदार लाईलकडे ठेवायला दिलेली आपली रायफल परत न्यायला आले होते.

"माझीच रायफल, लाईल, आणि फॉर्म मीच भरायचा?"

"माझ्या वहीत चढली ना, व्हर्लिन. परत देताना चौकशी करावीच लागते."

"संविधानानं दिलेल्या हक्काला सरकारची परवानगी! वा रे वा!"

"भाषण नंतर दे. आधी सही कर."

"हा मानसिक आजाराचा प्रश्न बघ. एडनासारखी बायको देवाघरी गेल्यावर मी डॉक्टरकडे जात होतो. 'हो' लिहिलं तर वडिलांची रायफल गेली. 'नाही' लिहिलं तर खोटं."

"नीट वाच. कोर्टानं ठरवलं असेल किंवा जबरदस्तीनं दाखल केलं असेल, तरच 'हो'. तू आपल्या पायांनी गेलास. ते तुझं आणि डॉक्टरचं."

"नक्की?"

"नक्की. थांब, चौकशीसाठी सरकारी कचेरीत फोन लावतो."

चार मिनिटं गेली.

"मंजूर. घेऊन जा."

"उपकार झाले, बाबा."

"सरकारचे?"

"सरकारचे कसले! तुझे. जानेवारीत ही आणून ठेवली, तेव्हा तू 'का' म्हणून विचारलं नाहीस."

"तुझ्या तोंडावर दिसत होतं."

"विचारलं असतंस ना, तर मी ती तशीच घरी घेऊन गेलो असतो."

"मग आता विचारू?"

"विचार, लेका."

"झोप लागते का?"

"लागते. आणि सकाळी उठावंसंही वाटतं."