देव विचार करतोय

दोष नानांचाच, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांचा. वयाकडे बघून कुणी त्यांना सूट देऊ नये.

प्रागला पोचून मला चार दिवस झाले होते. शुक्रवारी बारापर्यंत पालकाच्या सहीचं हमीपत्र दिलं नाही, तर कॉलेजचा प्रवेश रद्द. माझे पालक नानाच; त्यांनी सही करून फोटो पाठवायचा, एवढंच काम. पण नाना पोलादपूरजवळच्या आमच्या गावात, देवळात कौल लावून बसलेले. मूर्तीला दोन फुलं चिकटवलेली; उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार.

"नाना, सही करा ना!"

"देवाला इचारल्याबिगर नाय."

"कालपण विचारलंत!"

"काल फूल पडलंच नाय रे. देव इचार करतोय."

शुक्रवारी मी कॉलेजच्या खिडकीसमोर उभा राहून व्हिडिओ कॉलवर ते फूल बघत होतो. आतल्या बाईने विचारलं, "कशाची वाट बघतोयस?" मी फोन तिच्याकडे वळवला. बाराला तिने खिडकी लावून घेतली.

तेव्हा नानांनी देवाला विचारलं, "मग पोराला माघारी बोलवू?"

उजवं फूल टपकन पडलं.

"बघ! जागृत हाय आपला देव."

माझा प्रवेश गेला. महिन्याभरात मी गावाजवळच्या वीर स्टेशनवर उतरलो.