सोडल्याचा दाखला

— तुमचं सारं ऐकलो मी, मास्तर. एम.एस्सी.ले बी.एस्सी. पायजे, ते हाय त्याच्यापाशी. गणितात वरचा नंबर पायजे, तोबी हाय. मंग दोन सालं नागपुरात राहा लागते, हजेरी भरा लागते, हजेरी कमी पडली का परीक्षेले बसू देत नाई, मधात सोडून गेला का मागचं सारं बुडते अन् पुन्हा पयल्यापासून — बरोबर सांगितलो ना? — अन् शेवटी आपल्या मनानं काही नवीन शोधून मोठ्या लोकायपुढं उभं राहून सांगा लागते. म्हणजे पी हळद अन् हो गोरी, असं तुमच्यातबी नाई. समजते मले. कागद वाचता येत नाई, पण अटी समजते. आमचा इसरू इथी ज्या कामावर हाय त्याच्याबी अशाच अटी हायेत — राहा लागते, हजेरी भरा लागते, मधात सोडलं का सारं बुडते. म्हणून म्हणतो, त्याले आत्ता नेता येत नाई. घ्या, जावा घ्या — तांदळाची पेजच हाय, आंबट लागन, पण नाल्यापासून पायी आलेल्या माणसाले बरी.

नोकरी? नोकरी कायची मास्तर, लमझना हाय तो. आता हे तुमाले कसं सांगू — आमच्या गोंडात पोरीच्या बापाले देणं असते, धान, बैल, लुगडे. ज्याच्या घरी द्याले काही नाई, द्याले कोणी नाई, तो पोरगा पोरीच्या बापाच्या घरी येऊन राहते, कष्ट करते, ठरलेली पिकं काढून देते, मंग पोरगी त्याची. त्याले म्हणते लमझना. इसरूचे मायबाप देवीच्या साथीत एकाच हप्त्यात गेले, पोरगा चांद्याच्या वसतिगृहात वाढला, मंग तुमच्याकडं नागपूरले शिकला — द्याले कोण हाय त्याचं? तीन पिकं ठरली. मीच म्हटलो होतो त्याले, बापू, तू शिकला सवरला, तुले कायले पायजे हे, असाच घेऊन जा माह्या सोमारीले. तं म्हणे, मामा, सूट नको. पोचूची पोरगी फुकटात नेली असं तिले कोणी म्हणू नये. असा हाय तो. तुमच्या तिथीबी असाच होता का? — असनच. माणूस एका ठिकाणी एक अन् दुसऱ्या ठिकाणी दुसरा, असं कुठी असते.

नाई, रागावलो नाई मी. तुमी एवढ्या लांब आले, कोण येते? पोस्टमननं पत्र आणून देलं असतं तं इसरूनं वाचून वळचणीले खोचलं असतं, हे तुमाले मालूम होतं म्हणून तुमी आले. तुमचं नाव घेते तो. घेत होता — आता तो कोणाचंच नाव घेत नाई. पयल्या साली लय बोले. रात्री जेवण झालं का सोमारीले सांगे, कलकत्त्याले विलायतेहून यंत्र आलं, खोलीएवढं हाय, माणसाले जो हिशेब वरीसभर पुरते तो ते लवकर करून टाकते. आमचे मास्तर म्हणते, एम.एस्सी. झाला का तुले तिथी पाठवतो. सोमारीनं इचारलं, यंत्र चुकलं तं त्याले कोण सांगन? इसरू म्हणे, तेच तं शिकाचं हाय. बुधरी हासली — बुधरी माही बायको, ते चुलीपाशी हाय ते — म्हणे, बापा, हिले न्या तिथी, हे सांगन यंत्राले. दोघाचं ठरलंच होतं तसं. पिकं भरली का लगन, लगन झालं का नागपूर, लुगड्याच्या दोन घड्या अन् रांधाचा एक गंज घेऊन.

अन् काय म्हटले तुमी मघा — एक परकी भाषाबी वाचता आली पायजे? जर्मन? मास्तर, तो पोरगा गोंडी बोलत वसतिगृहात गेला. मराठी त्याले परकीच होती ना. मंग हिंदी, मंग तुमची इंग्रजी, सिरोंच्याकडचे लाकूडतोडे आले का त्यायच्याशी तेलुगू बोलते. अन् तरी एक परकी भाषा पायजेच? बरं. असन कायदा. कायद्यापुढं काय बोलाचं, आमचे कायदे तुमाले तरी कुठी पटून राह्यले.

सोमारी? हाय ना. बांधीकडे हाय. धानाची बांधी ते पलीकडे दिसते, मोहाच्या मागं.

नाई नाई, तुमच्यासाठी म्हणून जास्तीचं नाई टाकलं, संकोच नका करू, जेवूनच जा. आमच्या घरी एका माणसाचं उरतेच. बुधरी अजूनबी चौघाचं रांधते. मी सांगितलो एकदा, बाई, तिघाचं टाक. तिनं ऐकलं नाई, मीबी पुन्हा सांगितलो नाई, उरलं ते सकाळी —

हो. तिघंच.

बांधीकडे हाय म्हटलो ते खोटं नाई बोललो मास्तर. बांधीच्या वरच्या अंगाले दगड उभा हाय तिच्या नावाचा. आमच्यात करते तसं. इसरूनंच आणला दगड, नदीतून, एकट्यानं. मागच्या साली रोवणी चालू होती, दुसरं पीक — रोवता रोवता म्हणे, बाबा, थंडी वाजते. मी म्हटलो, पाण्यात उभी हाय तं वाजनच. एवढंच म्हटलो. रात्री ताप. नदी दोन्ही थड्या भरून, डोंगा घालाले कोणी तयार नाई, गायत्यानं, आमच्या गावच्या पुजाऱ्यानं, काय कराचं ते केलं, इसरू नदीच्या काठी उभा राहून पाणी उतराची वाट पाहे. पाणी उतरलं, पण मागून उतरलं. मले रडू नाई आलं. बैल उपाशी होते, त्यायले चारा टाकलो. दुसऱ्या दिवशी उरलेली बांधी रोवून घेतली, पऱ्हे उपटून ठेवलेले होते ना, सडले असते. इसरूबी आला रोवाले. तो एका कडेनं रोवत गेला, मी दुसऱ्या. अन् तेव्हापासून असंच हाय. लोक म्हणते, वेळ गेला का हलकं होते. ज्याचं जळते त्याले कळते, मास्तर, अन् मले तं तेबी कळून नाई राह्यलं, हात भाजला अन् हाताले मालूमच नाई, तसं हाय.

काऊन थांबला तो? मले इचारता? त्याले इचारा. — नाई, त्याले नका इचारू. तो म्हणन, तीन पिकं ठरली, तिसरं राह्यलं. बस, एवढंच म्हणन. पण मी पाहातो ना त्याले. बैल सोडले का बांधीच्या चिखलात काडीनं काही काही लिहिते, तुमचं असन ते, आकडे अन् आडव्या रेघा, पुरी बांधी भरून टाकते, अन् मी येताना दिसलो का पायानं पुसते. माह्यापासून लपवते. जसं काही चोरी करून राह्यला.

त्याले सोडाले काय लागते? काही नाई लागत. गायत्यापुढं सासऱ्यानं म्हणाचं — जा बापू, तुही सेवा पावली. पोरगी गेली त्याच दिवशी म्हणाले पायजे होतं. गायता येऊन बसलाबी, मी तंबाखू मळत बसलो. पुन्हा आला, पुन्हा मळत बसलो. लोकायले वाटते, पोचूले फुकटचा गडी भेटला, म्हातारा सोडते कायले. वाटू द्या. रोवणीले माणूस भेटते मास्तर, माणसाचं काय. पण त्याले बाजारात कोणी इचारते, कोणाकडचा रे तू? तं तो म्हणते, पोचूच्या घरचा लमझना. अन् लमझना घरी हाय म्हणजे काय? म्हणजे घरात लगनाची पोरगी हाय. ऐकणारा तेच समजते. मीबी तेच ऐकतो. तो गेला का मंग — मंग काय उरते सांगा. दगडच उरते ना.

काय म्हटले? अजून एक अट राह्यली? — मागच्या ठिकाणाहून सोडल्याचा दाखला. त्याच्याशिवाय नवीन ठिकाणी घेत नाई. कॉलेजाचा हाय त्याच्यापाशी, ठीक हाय. पण मागचं ठिकाण कॉलेज नाई, मास्तर. मागचं ठिकाण मी हाय.

तो आला पाहा. पायाले चिखल हाय, पुन्हा लिहीत बसला असन. नाई, तुमी बसा. तुमी नका बोलू. गायता नसला तरी तुमी हायेत, साक्षीले माणूस लागते, मोठा माणूस हाय, चालन.

इसरू. नांगर तिथीच टेकव, आत नको आणू. हे तुहे मास्तर आले हायेत. दाखला मागून राह्यले. — माह्याकडे पाह. चुलीकडे नको पाहू, माह्याकडे पाह.

जा बापू. तुही सेवा पावली.

झालं. ऐकले ना, मास्तर? कोणी इचारलं तं सांगजा, पोचूनं म्हटलं. — पाया नको पडू रे. उठ. बैल मी बांधतो. तिच्याकडून जाशीन तं बांधावरून जा, मधातून नको. हो, लिहिलेलं राहू दे, पुसू नको, पाणी पुसन ते.

बुधरी, दोघाचंच टाक.

अन् तुमी काऊन बसले अजून? मोटर नाल्यापाशी उभी हाय म्हटले ना. जा ना आता. न्या त्याले.