काचेतला लांडगा

सोलापूर स्टँडवर मैंदर्गीच्या गाडीची वाट बघत मुक्ताबाई बसली होती. शेजारी एक म्हातारी काच बसवलेलं चित्र मांडीवर धरून बसलेली, आणि एक तरणी तिला खोदून विचारत होती. ऐकायचं नाही म्हणून मुक्ताबाईनं तोंड फिरवलं, कान मात्र तिथंच.

“अवं मावशी, देव सोडून लांडग्याला काच?”

“माझ्या लेकानं, बिरूनं काढलाय. रानारानातनं हिंडतो, जनावरांची चित्रं काढतो. पेपरात बी येतंय त्याचं.”

“पर लांडगाच?”

“व्हय की! आमची कोकरं नेली ह्येनंच. शिव्या घालत घालत काच बसवून घेतली मी.”

“मागं घर कुणाचं?”

“आमचंच. ही बाभळ, ही पत्र्यावरची दगडं. समदं ध्यानात हाय त्याच्या.”

“तुमी कुटं दिसंना?”

“माणसं न्हाय काढत त्यो. दार तेवढं उघडं काढलंय.”

“अगं बया! लांडगा दाराकडंच बघतोय. भ्या न्हाय वाटत?”

“कसलं भ्या? बिरूगतच हाय मेला. लांबनं बघतोय, आत काय येत न्हाय.”

मैंदर्गीची गाडी लागली, तशी म्हातारीही चित्र सावरत उठली. मुक्ताबाईनं खिडकीतनं आपली पिशवी टाकून म्हातारीसाठी जागा धरली.