काकींचा गुरुवार

अरे, आमच्या दशावतारी मंडळाने क्लाउड घ्यायचा की नाही यावर मतदान केलं होतं, सांगितलं का तुम्हाला? सगळ्या नाटकांची रेकॉर्डिंगं ऑफिसातल्या एकाच खटारा कॉम्प्युटरवर. तो बंद पडला की संपलं! सगळ्यांनी हात वर केले, शेवंताकाकींनी नाही. त्यांचे यजमान आमच्याकडे राजाची कामं करायचे. ते वारल्यापासून काकी दर गुरुवारी ऑफिसात येऊन त्यांचा आवाज ऐकतात.

मी वैतागलोच. म्हटलं, "काकी, आता घराकडे बसान मोबाइलवर आयका!"

"नको रे. हंय ऑफिसात आयकलंय काय वाटता, ते नाटकाक गेलेत. घरात आयकलंय तर दाराकडे बघूचा लागतला."

क्लाउड घेतला. जुना कॉम्प्युटरही ठेवलाय. गुरुवारी तो मीच चालू करतो.